आवाज बारीक, वास मोठा: बेदाण्याच्या शेडशेजारी जेट इंजिनाची चाचणी

पार्श्वभूमी

मिरज तालुक्यातल्या एका माळावर, दोन गावांच्या शिवेला लागून, एक छोटा कारखाना आहे. मूळ धंदा पंपाचे इम्पेलर, म्हणजे आतली फिरती चाकं, कातण्याचा. किर्लोस्करवाडीमुळे पंपाचं काम या पट्ट्यात मुरलेलं आहे, त्यामुळे हातात कसब होतंच. मालकांच्या मुलाने इंजिनिअरिंग संपवून त्याच कसबावर छोटी जेट इंजिनं जुळवायला घेतली. मोठी मॉडेल विमानं, ड्रोन यांना लागतात तशी. काखेत मारून नेता येईल एवढं इंजिन, पण १६० न्यूटनचा, म्हणजे साधारण १६ किलोचा रेटा देतं. आयडलला, म्हणजे नुसतं सगळ्यात कमी वेगावर चालू ठेवलं असताना, मिनिटाला ३३ हजार फेरे, पूर्ण वेगाला १ लाख २० हजारांच्या आसपास. इंधन पांढरं रॉकेल, त्यात ५ टक्के टर्बाइन ऑइल. या इंजिनांना तेलाची वेगळी टाकी नसते. इंधनातलंच तेल बेअरिंगवर जातं आणि धुराबरोबर बाहेर पडतं.

चाचणीचा बाक, म्हणजे इंजिन बांधून चालवून बघायची जागा, कारखान्याच्या मागच्या अंगणात होता. तिथून जमीन ओढ्याकडे उतरत जाते आणि उतारावर, सुमारे २३० मीटरवर, बेदाण्याची शेड आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे अशा हजारो शेड आहेत. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, जाळीच्या कप्प्यांवर पसरायचे आणि पंधराएक दिवस सावलीत वाळू द्यायचे. शेड चारी बाजूंनी उघडी, कारण सगळी करामत वाऱ्याचीच. म्हणजे वारा जे आणेल ते घडांवरून जाणार. घडांच्या सालीवर तेलाचा हात फिरलेला असतो आणि तेलकट वासाची वाफ तेलात चटकन बसते. लोणी उघडं ठेवलं की फ्रीजमधला कांदा त्यात उतरतो, तसंच.

मी सांगलीत पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतो. दोन्ही घरांना ओळखणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला मध्ये घातलं. दोन्ही बाजूंची परवानगी घेऊन, नावं काढून हे लिहितो आहे.

अडचण

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शेडमालकांचा पहिला माल तासगावला सौद्याला गेला. व्यापाऱ्याने बॉक्समधली मूठ नाकाजवळ नेली, परत टाकली आणि म्हणाला, "ह्याला रॉकेल लागलंय." दर खाली आला. शेडमालक तिथून थेट कारखान्यात गेले.

कारखानदारांनी तक्रार झटकली नाही, हे मला आधी सांगायचं आहे. त्यांनी लगेच दोन गोष्टी केल्या. पूर्ण वेगाच्या चाचण्या निम्म्यावर आणल्या आणि जुळवाजुळवीचं सगळं काम आयडलवर करायला लागले. शिवाय दिवसभर शेडमध्ये बायका काम करतात म्हणून चाचणी पहाटेवर नेली. पहाटे हवा थंड आणि जड असते, रेटा चांगला मिळतो, हा आणखी एक फायदा. दोन आठवडे खपून त्यांनी धुरासाठी एक मोठा सायलेन्सरही बनवला.

वास वाढला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. कारखान्यातली पोरं सांगत होती की वास येतच नाही. शेडमालक म्हणत होते, हे लोक तोंडावर खोटं बोलतात. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एकाच वासात काही मिनिटं उभं राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडतं, आणि ती पोरं रोज तासन्‌तास तिथे उभी असायची. पिठाच्या गिरणीवाल्याला पिठाचा वास येत नाही, तसाच प्रकार.

पहिला निर्णय: कुणाचं नाक धरायचं

शेडमालकांच्या चुलती, सगळे त्यांना आक्का म्हणतात, बेदाणा निवडायला बसतात. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना विचारलं, वास कधी येतो? त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"सर, ते मशीन वरडतंय तवा काय न्हाय. बारीक हुतंय तवा नाकात जातंय. आन बंद केल्यावर तर लईच."

त्या एका वाक्यात सगळं निदान होतं. मला मात्र पुढचा आठवडा ते आकड्यांत पकडायला लागला.

जेट इंजिनाच्या धुराला येणारा वास मुख्यतः अर्धवट जळालेल्या इंधनाचा असतो. त्यात दोन जाती ओळखता येतात. एक तेलकट, रॉकेलसारखी, न जळालेल्या सुगंधी हायड्रोकार्बनची (इथे 'सुगंधी' हा रसायनशास्त्रातला शब्द आहे). दुसरी जळकट, धुरकट, डोळ्यांना झोंबणारी. ती फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन अशा अर्ध्यावर थांबलेल्या ज्वलनाच्या पदार्थांची. १९७० च्या दशकात अमेरिकेत डिझेलच्या वासाचं विश्लेषण करणाऱ्यांनी हीच विभागणी वापरली होती. त्यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली: जळकट गटाची मात्रा दहापट वाढली की माणसांनी सांगितलेली वासाची तीव्रता एका पायरीने वाढते. हे उलटं वाचलं की आपल्या कामाचं होतं. मात्रा निम्मी केली तर नाकाला जेमतेम कळेल. शेजाऱ्याला फरक जाणवायचा असेल तर दहापट घट लागते.

हे अर्धवट जळालेलं निघतं कधी? इंजिन पूर्ण वेगात असताना कॉम्प्रेसर हवा दाबून तापवतो, इंधनाची पटकन वाफ होते, ज्वाला भरभरून जळते आणि जवळपास काहीच उरत नाही. आयडलला दाब कमी, हवा गार, वाफ अर्धीमुर्धी, आणि ज्वालेच्या कडा थंड भिंतींना लागून विझतात. ज्यांनी पंपाचा स्टोव्ह पेटवला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बर्नर पुरता तापायच्या आत पंप मारला की पांढरी वाफ आणि तो घसा धरणारा वास. एकदा स्टोव्ह घरघरायला लागला की वास गायब. छोट्या जेट इंजिनातही इंधनाची वाफ करणाऱ्या नळ्या ज्वालेतच बसवलेल्या असतात. आयडलला त्या पुरेशा तापत नाहीत.

मोठ्या विमानांचंही हेच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रमाणित चक्रात विमानतळाच्या परिसरातला इंजिनाचा वेळ ३२.९ मिनिटांचा धरला आहे. त्यातली २६ मिनिटं नुसती ७ टक्के रेट्यावरची, म्हणजे टॅक्सी आणि आयडल. पूर्ण रेटा ०.७ मिनिट. विमानतळावर रॉकेलचा वास येतो तो बहुतेक रांगेत उभ्या विमानांचा.

म्हणजे कारखानदारांनी चांगल्या मनाने नेमकं उलटं केलं होतं. कमी वास देणारा भाग घटवला आणि जास्त वास देणारा वाढवला. पहाटेची वेळ तर त्याहून वाईट. निरभ्र रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वरच्या ऊबदार हवेखाली झाकण लावल्यासारखी अडकते. ती गार हवा उतारावरून हळूहळू ओढ्याकडे सरकते. वाटेत शेड.

मोजणी

वासाची रीतसर मोजणी प्रयोगशाळेत होते. धूर पिशवीत भरून न्यायचा, स्वच्छ हवेने पातळ करत जायचा आणि निवडलेल्या माणसांपैकी निम्म्यांना जेमतेम जाणवेल ती पातळी शोधायची. ईएन १३७२५ हे युरोपीय मानक त्यासाठी आहे. १२३ मायक्रोग्रॅम ब्युटेनॉल (वासाचं एक अल्कोहोल) एक घनमीटर हवेत, इतक्याचा वास म्हणजे वासाचं एक एकक. पण पिशवी ३० तासांत तपासावी लागते, तशी प्रयोगशाळा आमच्या हाताशी नव्हती, आणि गरम, दमट, तेलकट धूर पिशवीत गार झाला की अर्धा माल पिशवीच्या आतच चिकटतो. तो नाद मी सोडला. आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो, कारण आमचा प्रश्न "धुरात वास किती" हा नव्हता. "शेडमध्ये किती वेळा येतो" हा होता.

त्यासाठी शेतात उभं राहून करायची पद्धत घेतली. एका जागी १० मिनिटं उभं राहायचं, दर १० सेकंदांनी एक श्वास, एकूण ६०. प्रत्येक श्वासाला वहीत खूण: वास नाही, तेलकट, जळकट, किंवा दुसराच कुठला. ६० पैकी ६ किंवा जास्त वेळा वास आला तर तो अख्खा तास 'वासाचा' धरायचा. हा १० टक्क्यांचा नियम ईएन १६८४१ या मानकातल्या जाळीच्या (ग्रिड) पद्धतीचा आहे.

माणसं निवडताना मजा आली नाही, वाईट वाटलं. ब्युटेनॉलच्या पातळ होत जाणाऱ्या बाटल्या लावून अकरा जणांची परीक्षा घेतली. मिश्री लावणारे, तंबाखू खाणारे, सर्दी झालेले बाजूला काढावे लागले. कारखान्यातला एक मुलगा मनापासून यायला तयार होता, पण त्याचं नाक रॉकेलला बधिर झालेलं. सहा जण उरले, त्यात आक्का. सगळ्यांना सांगितलं: त्या सकाळी चहा नाही, गजरा नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. कोणत्या क्षणी इंजिन कोणत्या वेगावर आहे हे त्यांना कळू नये म्हणून कानात कापूस आणि वर हेडफोन. शेडमध्ये गंधकाची धुरी देण्याचे दिवस पूर्ण वगळले. ते वगळले नसते तर सगळी वही फुकट गेली असती.

धुराच्या बाजूला दुसरी मोजणी. ओळखीच्या पीयूसी सेंटरवाल्याकडून पेट्रोल गाड्यांचं यंत्र दोन दिवस आणलं. ते कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवतं. इथे दोन खड्डे आहेत. जेटचा झोत आजूबाजूची हवा ओढून घेतो, त्यामुळे नुसता हायड्रोकार्बनचा आकडा नळी कुठे धरली यावर बदलतो. म्हणून प्रत्येक वेळी त्याला कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याने भागलं. हवा कितीही मिसळली तरी ते गुणोत्तर टिकतं. दुसरा खड्डा असा की, विमान इंजिनांच्या प्रमाणित मोजणीत हायड्रोकार्बनची नळी १६० अंशांवर गरम ठेवतात. आमची गार होती, जड वाफ तिच्यातच बसत होती, आणि या यंत्राला अल्डिहाइड (जळकट वासाचे ते पदार्थ) नीट दिसतही नाहीत. त्यामुळे आमचे आकडे खऱ्यापेक्षा कमी होते. पण एका वेगाची दुसऱ्याशी तुलना करायला ते पुरेसे होते.

निकाल आक्कांच्या वाक्याची नक्कल निघाला. आयडलचं गुणोत्तर पूर्ण वेगाच्या दहापटीहून वर. बंद केल्यानंतर, स्टार्टर मोटर इंजिन गार करायला नुसती हवा फिरवत असते त्या दोन-तीन मिनिटांत, कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शून्य आणि हायड्रोकार्बन काट्याच्या टोकाला. नळ्यांत उरलेलं रॉकेल तापलेल्या धातूवर उकळून निघत होतं. पांढरी वाफ डोळ्यांना दिसत होती. सुरू होताना एकदा पेट घेतला नाही की आत सांडलेल्या इंधनाचं तेच. शेडमध्ये, पहाटे सहाच्या चाचणीत, ६० पैकी २३ श्वासांना वास. त्यातले बहुतेक 'तेलकट'.

तिसरी मोजणी बेदाण्याची. तीन काचेच्या बरण्या, दोनांत पाहुण्यांच्या लांबच्या शेडमधला माल, एकात इथल्या खालच्या कप्प्यातला. रात्रभर झाकण लावून ठेवायच्या, सकाळी वेगळी बरणी ओळखायची. १२ वेळा केलं. नुसत्या अंदाजाने ४ बरोबर येतील, आणि ८ किंवा जास्त आले तरच फरक खरा मानायचा. ९ आले. शेडमालक माझ्या शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. कारखानदार बोलले: "लागलाय. आमचाच आहे."

तिथून पुढे काम सोपं झालं.

पर्याय

सगळ्यांच्या मनात पहिला होता कोळशाचा फिल्टर. पण पूर्ण वेगात हे इंजिन सेकंदाला साधारण ०.४ किलो हवा ओढतं, बाहेर पडताना ती ६०० अंशांच्या आसपास असते, आणि सक्रिय कोळसा पन्नाशीच्या वर वास धरत नाही. फार तापला तर स्वतःच पेटूही शकतो. शिवाय झोतासमोर अडथळा आला की रेट्याची मोजणीच चुकते. पाण्याचा फवारा अल्डिहाइड काही प्रमाणात विरघळवेल, पण रॉकेलची वाफ पाण्यात विरघळत नाही, आणि तेलकट पाणी मग ओढ्यातच जाणार. सुवासिक फवाऱ्याचा सल्ला कुणीतरी दिला होता. बेदाण्याला मोगऱ्याचा वास लागला तर दर वाढणार नाही, म्हणून तो एका वाक्यात बाद.

इंधन बदलून पाहिलं. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत फार तर १० भाग, आणि इंजिन ते चालवून घेतं. झोंबणं थोडं कमी झाल्यासारखं वाटलं, पण डिझेल रॉकेलपेक्षा जड. आयडलला धूर आणि सुरू होतानाचा वास दोन्ही वाढले. परत रॉकेल. टर्बाइन ऑइल ५ टक्क्यांवरून खाली आणावं असा माझा आग्रह होता. मालकांच्या मुलाने स्पष्ट नकार दिला: लाखावर फेरे घेणाऱ्या बेअरिंगला उपाशी ठेवणार नाही. मी माघार घेतली, आणि घ्यायलाच हवी होती.

सरकारी मार्गही चर्चेत आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ साली वासाच्या प्रदूषणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पण २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांतल्या १२ घटकांत वास नाही. तक्रार केली असती तर कुठल्या आकड्याशी ताडून बघणार, हा प्रश्नच होता. शेडमालकांनी सांगितलं, "मला कागद नको, माल नीट पाहिजे."

काय केलं

सगळ्यात जास्त फरक ज्याने पडला त्याला एक रुपयाही लागला नाही. आयडलवर इंजिन ठेवून पाने (स्पॅनर) फिरवणं, वाचनं घेणं, बोलणं, सगळं बंद. पूर्वी एका चाचणीत आठ-दहा मिनिटं आयडल व्हायचं. आता एक मिनिटाची मर्यादा, त्याहून थांबायचं असेल तर इंजिन बंद किंवा वेग ५० हजारांच्या वर. बाकावर एक घड्याळ लावलं, आयडलला आलं की चालू होणारं.

वेळ पहाटेवरून सकाळी ११ ते ३ वर आणली. जमीन तापली की हवा वर उसळते आणि धूर पातळ होतो. दुपारी पश्चिमेकडून वारा येतो आणि शेड आग्नेयेला असल्यामुळे झोत तिच्या बाजूने जातो, अंगावर नाही. पण वारा वायव्येचा झाला की सरळ शेडवर. त्यासाठी बाकाजवळ बांबूला साडीची पट्टी बांधली. पट्टी शेडकडे उडत असेल तर त्या दिवशी चाचणी नाही. रेटा गरम हवेत कमी भरतो, तो तापमान आणि दाबाचा हिशोब घालून दुरुस्त करता येतो. मुलाने ते कोष्टक एका संध्याकाळी बसवलं.

बंद केल्यानंतरच्या वाफेसाठी मात्र कोळसा उपयोगी पडला. सगळ्यात घाण वासाच्या वेळी हवेचा प्रवाह सगळ्यात लहान असतो, हे लक्षात यायला मला उशीर लागला. इंजिन बंद होताच मागून एक पत्र्याचा हूड सरकवायचा, पंख्याने साधारण दहापट साधी हवा मिसळून ती कोळशाच्या पिंपातून काढायची. पिंपाच्या आधी तापमान बघणारी काडी, ५० अंशांच्या वर झडप बाहेरच्या बाजूला उघडते. मध्ये ज्वाला अडवणारी जाळी. पंख्याची मोटर ठिणगी न उडवणारी. यात कंजूषी करू नका, कारण आत रॉकेलची वाफ आहे. शिवाय बंद करण्याआधी इंधनाची झडप आधी मिटवून नळीतलं उरलेलं जाळून टाकायची सवय लावली.

सायलेन्सर वाया गेला नाही. त्याला झोतापासून अंतर ठेवून बसवलं, म्हणजे रेट्यावर दाब येत नाही, आणि टोक वर वळवून सहा मीटरवर नेलं.

परिणाम

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीच सहा माणसं, तीच जागा. तीन दिवसांत ६० पैकी ४, २ आणि ९. नऊचा दिवस वारा पूर्ण पडलेला होता. पट्टी लोंबत होती आणि आमच्या नियमात 'पट्टी लोंबत असेल तर काय' हे लिहिलेलंच नव्हतं. आता लिहिलं आहे: चाचणी नाही. नवीन कप्प्यातल्या मालाची बरणी १२ पैकी ५ वेळा ओळखली गेली, म्हणजे अंदाजाइतकीच. त्या पाच बरोबर उत्तरांतली तीन आक्कांची होती. त्यांच्या नाकाला अजून काहीतरी लागतंय असं मला वाटतं, आणि १२ हा आकडा ते नाकारायला पुरेसा नाही.

कारखान्याचं नुकसानही झालं. वाऱ्यामुळे हंगामात आठवड्याला दोन-तीन दिवस चाचणी होत नाही, आणि एका ऑर्डरला उशीर झाला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी मी यंत्रं शोधत होतो, शेडमध्ये बसलो नाही. आक्कांना चौथ्या दिवशी विचारलं. ते पहिल्या तासात विचारायला हवं होतं, आणि त्याच तासात आयडल बंद करून बघायला हवं होतं. त्याला मोजणी लागत नव्हती. मधल्या दिवसांत आणखी दोन कप्पे वास धरून बसले, ती माझी चूक.

दुसरं, पहाटेचा उतारावरचा वारा. उदबत्ती पेटवून अंगणात उभं राहिलं असतं तरी धूर ओढ्याकडे सरकताना दिसला असता. आम्ही ते एप्रिलमध्ये केलं, वेळ बदलून झाल्यावर.

तिसरं, धुराची वही कारखान्यात आणि वासाची वही शेडमध्ये, अशी दोन घरांत राहिली आणि सुरुवातीला घड्याळं तीन मिनिटांनी वेगळी होती. एक दिवसाची मोजणी त्यापायी टाकून द्यावी लागली.

पहिल्या मालाचे बॉक्स मिरजेच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वेगळे ठेवले होते. जूनमध्ये ते कमी दराने विकले गेले आणि दरातला फरक कारखानदारांनी भरून दिला. बाकावरच्या घड्याळाखाली आता एक वही टांगलेली आहे. चाचणी असेल त्या दिवशी संध्याकाळी आक्का नातवाला पाठवून तिच्यात वास किती आला त्याचा एक आकडा लिहायला लावतात, शून्य ते सहा. मागच्या पानावर शेवटचा आकडा एक होता.